मदत हवी आहे: गोवन चवीचं व्हीगन सॉसेज चिवट होतंय

पाववाली_माहीम
ग्लुटेन पावडर (गव्हातलं प्रथिन) १५० ग्रॅम, बेसन २ चमचे, पाणी १ कप, मसाला अंदाजाने. दहा मिनिटं मळून फॉइलमध्ये गुंडाळते आणि शिट्टी न लावता कुकरमध्ये मोठ्या आचेवर वाफवते. चिवट होतं, आत जाळी पडते, एकदोन फॉइल फुटतात. मिरची लालबागची ब्याडगी, तरी तिखटपणा वरवरच. कुठे बिघडतंय?

खलबत्ता
मळणं आणि आच, दोन्हीकडे. ग्लुटेन जितकं मळाल तितके धागे ताणले जातात. पीठ एकजीव झालं की दोन मिनिटांत हात काढा, १५ मिनिटं झाकून ठेवा. मोठ्या आचेवर ते फुगतं, त्याचीच जाळी. मोदकपात्रात मंद वाफेवर ४० मिनिटं, मधे पाणी बघा.

१५० ग्रॅम ग्लुटेनला भाजलेलं बेसन ३० ग्रॅम आणि उकडून कुस्करलेला राजमा १०० ग्रॅम घाला. राजम्याने धागे तुटतात, चावा मऊ येतो. द्रव सगळा मिळून २०० मिली. मसाल्याच्या वाटणातलं व्हिनेगर आणि सोया सॉस घालत असाल तर तोही त्यातच मोजायचा. इथेच बहुतेकांचं चुकतं, मग सॉसेज पावासारखं भुसभुशीत होतं.

तिरफळ
मसाल्याचं मी सांगतो. ब्याडगी रंगाची मिरची, तिखटपणा बेताचाच. ८ ब्याडगीला ३-४ संकेश्वरी किंवा गुंटूर घ्या. लसूण १० पाकळ्या, आलं इंचभर, जिरं आणि मिरे १-१ चमचा, लवंगा ४, दालचिनी इंचभर, हळद अर्धा चमचा, साखर १ चमचा, मीठ १ चमचा. मिरच्या ३ मोठे चमचे माडाच्या व्हिनेगरमध्ये भिजवून त्यातच सगळं गंधासारखं बारीक वाटा. मग २ मोठे चमचे खोबरेल तेलात मंद आचेवर परता. मिरचीचा तिखटपणा आणि रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. कच्चं वाटण घातलं की चव वरवर राहते ती यामुळेच. गार करून पिठात घाला.

धुराचा वास हवा तर वाटणालाच कोळशाची धुरी द्या. निखाऱ्यावर तेल टाका. सवयीने तूप पडलं तर व्हीगनपण तिथेच संपलं!

खलबत्ता
फॉइलचं राहिलं. आत बटर पेपर हवाच, व्हिनेगर आणि मिठाने अ‍ॅल्युमिनियमला भोकं पडतात. दोन्ही टोकांना पीळ द्या, पण फुगायला थोडी जागा सोडा.

पाववाली_माहीम
धन्यवाद! ग्लुटेन पावडरऐवजी मैद्याचा गोळा पाण्यात धुऊन, स्टार्च काढून टाकून चालेल का? आणि खऱ्या चोरीससारखं (गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज) टांगून वाळवता येईल?

खलबत्ता
धुतलेल्या मैद्याच्या गोळ्यात मसाला आत शिरत नाही, पावडरच बरी. क्रॉफर्ड मार्केटात बेकिंगच्या सामानाच्या दुकानांत विचारा. टांगणं मात्र अजिबात नको. मांसाच्या चोरीसमध्ये भरपूर मीठ असतं आणि ते मुरवलेलं असतं. हे मऊ, ओलसर, मुंबईच्या दमट हवेत बुरशी धरेल. फ्रीजमध्ये रात्रभर ठेवलं की आपोआप घट्ट होतं, कापायचं त्यानंतरच. फ्रीजमध्ये ४ दिवस. जास्त ठेवायचं तर फ्रीझर.

तिरफळ
कांदा-बटाट्याबरोबर करताना एक लक्षात ठेवा: याला स्वतःची चरबी सुटत नाही. आधी तेलात चमचाभर वाटण परता, मग कांदा आणि उकडलेला बटाटा, सॉसेजचे तुकडे वेगळे खरपूस भाजून शेवटी. पाव घेताना वर लोणी लावलंय का, तेवढं पाववाल्याला विचारा.