पट्टी कोरी निघाली तरी

गिनीपिग पाणी जास्त पितोय म्हणजे त्याला मधुमेहच, असं या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय, ते मला घाईचं वाटतं. एप्रिल-मेमध्ये फोंड्यात आपणच घामाने भिजलेलो असतो, तिथे केसाळ गिनीपिग बाटली रिकामी करणारच. मूत्रपिंडाच्या दुखण्यातही तहान वाढते. पण खाणं नीट असूनही वजन उतरतंय, पिंजऱ्यातला खालचा कपडा लघवीने रोज चिंब होतोय आणि डोळ्यात पांढरट झाक दिसतेय, असं असेल तर मात्र थांबू नका. मी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दर रविवारी वजन करते आणि बाटलीवर मार्करने रेघ मारते. किलोमागे दिवसाला साधारण १०० मिली पाणी ठीक. ओली भाजी भरपूर असेल तर त्याहून कमीच.

लघवीतली साखर रंग बदलून दाखवणाऱ्या पट्टीबद्दल एक गोष्ट इथे कुणीच लिहिली नाही. आमच्या मादीला ड्रॉप्समधून क जीवनसत्त्व चालू होतं आणि पट्टी सतत कोरी. ते जास्तीचं जीवनसत्त्व लघवीतून बाहेर पडतं आणि पट्टीवरची रंग उमटण्याची क्रियाच दाबतं, म्हणजे साखर असूनही दिसत नाही. हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं. (म्हणून ड्रॉप्स परस्पर बंद करू नका, यांचं शरीर ते जीवनसत्त्व बनवत नाही.) रक्त एकदाच तपासून भागत नाही, कारण हाताळताना घाबरल्यानेही साखर चढते. आमच्या डॉक्टरांनी फ्रुक्टोसामाइन ही रक्ताची तपासणी करायला लावली, त्यात मागच्या काही आठवड्यांची साखरेची सरासरी कळते. लघवीचा नमुना घेताना गिनीपिगला स्टीलच्या स्वच्छ, कोरड्या ताटात ठेवा. आमच्याकडे पहिल्यांदा ताटाला मानकुराद आंब्याचा रस लागलेला होता!