कोर्टात मान राखायचा तो फक्त पक्षकारानेच का?

मधली लाईन:
घराच्या दाव्यासाठी आईबरोबर कोर्टात जावं लागतं. मागे एका तारखेला शेवटच्या बाकावर एक वयस्कर गृहस्थ पायावर पाय टाकून बसले होते. पट्टेवाला सगळ्यांसमोर खेकसला, "पाय खाली! कोर्ट आहे हे." त्यांनी मुकाट्याने घेतला. तेव्हाच पुढच्या खुर्च्यांवर दोन काळे कोट खुशाल गप्पा मारत होते. त्यांना कोणी हूं की चूं केलं नाही.

न्यायाधीश आले की उभं राहावं, फोन बंद ठेवावा, मध्ये तोंड घालू नये, हे मान्य. त्याशिवाय कामच चालायचं नाही. पण पाय कसे ठेवले, यात न्यायाचा काय संबंध?

सुप्रीम कोर्टाने ३ जानेवारी २०२४ ला उत्तर प्रदेशच्या एका प्रकरणात सरकारी अधिकाऱ्यांसाठी कार्यपद्धती घालून दिली. त्यांना सुनावणीभर उभं ठेवू नका, बोलतील तेव्हा उभे राहतील. त्यांच्या दिसण्यावर, शिक्षणावर शेरे मारू नका. उत्तम. मग हेच माझ्या आईला का नाही? तिचे गुडघे काय सचिवांपेक्षा कणखर आहेत?

किल्ला कोर्टवाला:
वकील आहे, त्यामुळे पक्षपाती म्हणा. सकाळचं बोर्ड, म्हणजे दिवसभराच्या प्रकरणांची यादी, लागते तेव्हा खोलीत आरोपी, त्यांचे नातेवाईक, पोलीस, ज्युनिअर, जामिनाला आलेले, सगळे एकदम असतात. भांडणारे दोन्ही पक्ष हातभर अंतरावर. तिथे धाक नसला तर तासाभरात हाणामारी होईल. हरलेला माणूस निकाल मानून घरी जातो तो त्या खुर्चीचा दरारा आहे म्हणून. दरारा गेला की काय होतं ते ६ ऑक्टोबर २०२५ ला दिसलं. तेव्हाचे सरन्यायाधीश गवई यांच्या दिशेने भर कोर्टात बूट फेकायचा प्रयत्न झाला.

मधली लाईन:
आणि तो कोणी केला? वकिलाने! शिस्तीचे धडे मात्र बाकावरच्या म्हाताऱ्याला. शिवाय गवईंनी काय केलं? आपण विचलित झालो नाही म्हणाले आणि कामकाज पुढे चालू ठेवलं. त्यांचा मान वाढलाच.

गिरगावची वैनी:
गवईंचंच निघालंय तर मे २०२५ आठवा. सरन्यायाधीश म्हणून पहिल्यांदा मुंबईत आले, तर मुख्य सचिव, पोलीस महासंचालक आणि मुंबईचे पोलीस आयुक्त, तिघेही गैरहजर. त्यांनी सत्काराच्या भाषणातच ते बोलून दाखवलं. नंतर ते चैत्यभूमीवर गेले तर तिघेही तिथे हजर! मोठ्यांचा मान राहिला नाही तर बातमी होते. कोर्टातल्या बाईला "ए, बाहेर थांब" म्हटलं तर कसली बातमी?

निवृत्त शिरस्तेदार:
वैनी, त्यांनी मान स्वतःसाठी नाही, पदासाठी मागितला होता. हा फरक करा.

आता माझं. मुंबई हायकोर्टाच्या ४६ नंबरच्या खोलीत १९०८ ला टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. समोर न्यायमूर्ती दावर, म्हणजे १८९७ च्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले बॅरिस्टर (दैव बघा). ज्युरीने दोषी ठरवल्यावर टिळक म्हणाले, तरीही मी निर्दोष आहे, आणि माणसांचं व राष्ट्रांचं भवितव्य ठरवणाऱ्या याहून मोठ्या शक्ती आहेत. ना आरडाओरडा, ना शिवीगाळ. रीत पाळूनही ताठ उभं राहता येतं. पायाची घडी म्हणजे बाणेदारपणा नव्हे.

मधली लाईन:
शिरस्तेदारसाहेब, तुमचंच उदाहरण घेतो. दावरांनी सहा वर्षांची शिक्षा दिली. आज त्या खोलीबाहेर पाटी कोणाच्या शब्दांची आहे? १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागलांनी अनावरण केलं ते टिळकांच्या शब्दांचं. त्या खोलीला आज मान आहे तो आरोपीमुळे.

बाक क्रमांक तीन:
मिलॉर्डचं कोणीच काढलं नाही? वकिलांच्या बार कौन्सिलने २००६ मध्येच सांगितलं की हा वसाहतकाळाचा अवशेष आहे, सोडा. २०१४ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं सक्ती नाही, फक्त सन्मानाने बोला. तरी हायकोर्टात दर वाक्याला दोन मिलॉर्ड पडतात. न्यायमूर्तींनी मागितलेले नसतात, वकिलांनीच वाहिलेले.

किल्ला कोर्टवाला:
सवय आहे हो, जीभ वळते तशी. त्यावर भांडणार नाही.

पण मूळ मुद्दा सोडत नाही. पट्टेवाल्याने सांगितलं ते बरोबर, ज्या सुरात सांगितलं तो चूक. आणि घाबरू नका, १९७१ च्या बेअदबीच्या कायद्यात पायांचा उल्लेख नाही. आईंना उभं राहवत नसेल तर मॅटर पुकारल्यावर वकिलामार्फत बसायची परवानगी मागा. बहुतेक न्यायाधीश देतात, मीच अनेकदा घेतली आहे.

मधली लाईन:
मागून मिळते हे ठाऊक आहे, घेतलीही आहे. अधिकाऱ्याला न मागता मिळावी असं लेखी आहे, आईला दर तारखेला मागावी लागते. आणि त्या दोन गप्पिष्ट वकिलांचं काय, ते सांगा.

किल्ला कोर्टवाला:
पट्टेवाला वकिलाला बोलला तर त्याची नोकरी धोक्यात. ते न्यायाधीशांनीच वरून म्हणायला हवं. काही म्हणतात, काही म्हणत नाहीत.

गिरगावची वैनी:
आणि जिथे म्हणत नाहीत तिथेही आम्ही पाय खालीच ठेवायचे. बरं.