मदत हवी आहे: ऑर्कनी बेटांवर क्रूझचा एकच दिवस, आई-बाबा सोबत

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये आई-बाबांना घेऊन साउथॅम्प्टनहून सुटणाऱ्या क्रूझने जातेय. बाकी बंदरांची चिंता नाही. पण स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत, तिथल्या कर्कवॉलला फक्त एक दिवस मिळतोय. बोट सकाळी ८ ला लागते आणि ४:३० च्या आत परत बोटीवर हजर व्हायचंय.

बाबा शिरूर तालुक्यात इतिहास शिकवायचे. सत्तरच्या दशकात डेक्कन कॉलेजचं इनामगावचं उत्खनन चालू होतं, तेव्हा ते नुकतेच नोकरीला लागले होते. सुट्टीच्या दिवशी सायकलवर जाऊन खड्ड्यांच्या कडेला तासन्‌तास उभे राहायचे. त्या चुली, घराच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली लहान मुलं, हे सगळं आम्ही लहानपणापासून त्यांच्या तोंडून ऐकत आलोय. क्रूझचं बुकिंग झाल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, "स्कारा ब्रे तिथून किती लांब?"

१८५० च्या वादळात वाळू उडाली आणि हे गाव उघडं पडलं. वय साधारण पाच हजार वर्षं, म्हणजे मोहेंजोदडोच्याही आधीचं. बेटावर लाकडाची टंचाई, म्हणून पलंग, फडताळं सगळं दगडाचं केलेलं, आणि म्हणूनच ते अजून जागच्या जागी आहे. बाबा आता ७५ चे आहेत. पुन्हा तिकडे जाणं व्हायचं नाही. हे एक ठिकाण मला काही झालं तरी चुकवायचं नाहीये.

आईच्या एका गुडघ्याचं गेल्या वर्षी ऑपरेशन झालंय. काठी घेऊन सपाटीवर पंधरा-वीस मिनिटं चालते, वाकता येत नाही. तिला इटालियन चॅपल बघायचंय. दुसऱ्या महायुद्धातल्या इटालियन कैद्यांनी लष्कराच्या दोन पत्र्याच्या बराकी जोडून ते बांधलं. फोटो बघितल्यापासून म्हणतेय, घरापासून इतक्या लांब अडकलेल्या माणसांनी हे केलं, तिथे दोन मिनिटं शांत बसायचंय.

पण दोन्ही ठिकाणं विरुद्ध दिशांना आहेत. स्कारा ब्रे कर्कवॉलच्या पश्चिमेला ३० किलोमीटर, चॅपल दक्षिणेला ११-१२. बोटीच्या सहलीत चॅपल नाही, आणि बसभर माणसांच्या चालीने आईला चालवणार नाही. टॅक्सी केली आणि उशीर झाला तर बोट थांबणार नाही, ही धास्ती आहे. मला गाडी चालवता येत नाही. मेस्हाऊचं प्राचीन दगडी थडगंही बाबांच्या यादीत आहे. शिवाय आई-बाबा शाकाहारी आहेत. कसं जमवावं?

प्रतिसाद १

मी ॲबर्डीनला राहते, दोनदा जाऊन आलेय. टॅक्सीच करा, पण आत्ताच ठरवा. मोठी बोट लागते त्या दिवशी बेटावर एक गाडी मोकळी मिळत नाही. चालकाला बोटीची वेळ सांगून ठेवा.

स्कारा ब्रे सगळ्यात आधी, बसगाड्या पोचायच्या आत. तिकीट वेळेसकट ऑनलाइन काढा. तिकीटघराजवळ तिथल्या एका घराची हुबेहूब प्रतिकृती आहे, त्यात आत शिरता येतं. खऱ्या गावाकडे समुद्राच्या कडेने थोडं चालावं लागतं. आईंना वारा सोसवला नाही तर त्या प्रतिकृतीपाशी थांबू शकतात. खऱ्या घरांत उतरू देत नाहीत, वरच्या वाटेवरून खाली बघायचं. बाबांना तिथे भरपूर वेळ द्या, घाई करू नका.

परतीच्या वाटेवर ब्रॉडगरचं दगडांचं रिंगण आहे. मुळात ६० दगड असावेत, आज २७ उभे आहेत. रस्त्यावरूनही दिसतात. मेस्हाऊ मात्र सोडा. आत जायला दहाएक मीटर वाकून जावं लागतं, आणि ठरलेल्या वेळेच्या फेरीत दुपार निघून जाते.

मग कर्कवॉल ओलांडून थेट चॅपलला. वाटेत समुद्रात घातलेला बांध लागेल. ऑक्टोबर १९३९ मध्ये जर्मन पाणबुडीने स्कापा फ्लो या ब्रिटिश नौदलाच्या तळात शिरून रॉयल ओक ही युद्धनौका बुडवली, आठशेच्या वर माणसं गेली. त्यानंतर तिथे शिरायच्या पूर्वेकडच्या समुद्री वाटा बुजवायला हे बांध घातले, आणि त्याच कामाला ते इटालियन कैदी आणले होते. आईंना हे आधीच सांगून ठेवा, चॅपल वेगळं दिसेल.

सेंट मॅग्नस कॅथेड्रल शेवटी ठेवा. ११३७ मध्ये सुरू झालेली तांबड्या दगडाची वास्तू, अगदी गावात. उशीर झालाच तर तेवढंच सुटेल, बोट सुटणार नाही.

प्रतिसाद २

जूनमध्येही दुपारी १२-१४ अंशच असतात आणि वारा सतत. छत्री नेऊच नका, कानटोपी आणि वारा अडवणारं जाकीट हवं. खायला चीज आणि बेअर नावाच्या जुन्या जातीच्या जवाची जाड भाकरीसारखी बॅनक मिळते. तरी दशम्या जवळ ठेवा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. टॅक्सीसाठी आत्ताच मेल टाकली. मेस्हाऊचं बाबांना सांगितलं, ते म्हणाले, आईला सोडून आत जायचं नव्हतंच. आता एकच: बोट थेट धक्क्याला लागते की खाडीत नांगरून छोट्या बोटींनी उतरवतात? तसं असेल तर आईला त्या पायऱ्या जमतील का, कुणाचा अनुभव आहे?