मदत हवी आहे: चौदा महिन्यांचं लेकरू, सहा दिवस ताप, कावासाकी असेल का?

गोदाकाठ_गंगाखेड
पुतणी, वजन 9 किलो. ताप 102-103, आज सहावा दिवस. डेंगी, मलेरिया निगेटिव्ह. डोळे लाल पण चिपडं नाहीत. ओठ लालभडक, चिरलेले. पुरळ आलं होतं, काल मावळलं. दंडावरची बीसीजी लशीची खूण सुजलीय. सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) 96, प्लेटलेट 3.8 लाख. इथले डॉक्टर म्हणतात, अँटिबायोटिक बदलून आणखी दोन दिवस बघू. थांबावं की नांदेड गाठावं?

बालविभाग
थांबू नका, आजच निघा. डोळे, ओठ, पुरळ ही कावासाकीच्या (लहान मुलांत रक्तवाहिन्यांना सूज आणणारा आजार) पाचपैकी तीन लक्षणं झाली. मावळलेलं पुरळही धरायचं. उरली दोन: हातापायांची सूज-लाली आणि मानेत दीड सेंटिमीटरहून मोठी गाठ. चार भरली नाहीत म्हणून आजार नाही असं नसतं. लहान बाळांत बऱ्याचदा अर्धवटच लक्षणं दिसतात, म्हणून तर उशीर होतो. बीसीजीची खूण या पाचांत वेगळी मोजत नाहीत, पण या वयात फार बोलकी.

प्लेटलेट दुसऱ्या आठवड्यात चढतात, बोटांची सालंही तेव्हाच निघतात. तोवर वाट बघणं म्हणजे हृदयाच्या कोरोनरी रक्तवाहिन्या फुगू देणं. उपचाराविना हे साधारण चारातल्या एका मुलात होतं. दहा दिवसांच्या आत आयव्हीआयजी (शिरेतून देतात ते अँटिबॉडीचं औषध) मिळालं तर शंभरात चारेक.

ईएसआर (हीसुद्धा सूज दाखवणारी तपासणी), अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), एसजीपीटी (यकृताची तपासणी) आणि लघवी तपासायला सांगा. लघवीत पू-पेशी असून कल्चरमध्ये काहीच वाढलं नाही, तर ते लघवीचं इन्फेक्शन म्हणून सोडून देऊ नका. पहिल्या आठवड्यातला नॉर्मल टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) आजार खोडून काढत नाही.

औषधी_नांदेड
आयव्हीआयजी किलोमागे 2 ग्रॅम, म्हणजे 18 ग्रॅम. 5 ग्रॅमच्या चार बाटल्या लागतील. निघण्याआधीच फोन करून साठा विचारा. बाटली गोठवायची नाही, हलवायचीही नाही, फेस होतो. सलाईनसारखं 10 ते 12 तास हळूहळू जातं. संपल्यावर 36 तासांनीही ताप असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा, पुढचं औषध लागतं. नंतर ईएसआर बघण्यात अर्थ नाही, आयव्हीआयजीनंच तो वाढतो.

अ‍ॅस्पिरिन डॉक्टरच सुरू करतील. सोबत आयब्युप्रोफेन देऊ नका, अ‍ॅस्पिरिनचा गुण मारतं. घरात कुणाला कांजिण्या किंवा फ्लू झाला तर कळवा. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) आणि कांजिण्यांची लस 11 महिने पुढे ढकलायची, लसीकरणाच्या कार्डावर आत्ताच लिहून घ्या.

गोदाकाठ_गंगाखेड
ताई, आत्ता पाहिलं. दोन्ही तळपाय सुजलेत, हात लावला की रडतेय.

बालविभाग
मग चार झाली. एको सुट्टीमुळे उद्यावर गेला तरी आयव्हीआयजी त्यासाठी अडवू नका, असं तिथल्या डॉक्टरांशी स्पष्ट बोला. ताप कोणत्या तारखेला सुरू झाला ते कागदावर वरच लिहा. दिवस तिथून मोजतात, भरती झाल्यापासून नाही.