मदत हवी आहे: अलाबामात घरी बिअर करण्यास परवानगी मिळाली, पण नेमकी किती आणि कुठे?

टेनेसीकाठ (मे २०१३)

नमस्कार. मी नोकरीनिमित्त अलाबामातील हंट्सव्हिल येथे राहतो. घरी बिअर आणि मीड, म्हणजे मध आंबवून केलेले मद्य, तयार करण्याचा छंद मला कोलोरॅडोत असताना लागला. तेथे तो उघडपणे चालत असे. इथे आल्यापासून मात्र फर्मेंटर (आंबवण्याचे भांडे), काचेचे कार्बॉय (मोठ्या बरण्या) आणि बाटल्यांना बुचे बसवण्याचे यंत्र असे सगळे सामान खोक्यात बांधलेले आहे, कारण या महिन्यापर्यंत अलाबामाच्या कायद्याने घरी बिअर करण्यास मनाई होती.

आता परिस्थिती बदलली आहे. ७ मे रोजी राज्याच्या सिनेटने 'एचबी ९' हे विधेयक १८ विरुद्ध ७ मतांनी मंजूर केले आणि ९ मे रोजी गव्हर्नर रॉबर्ट बेंटली यांनी त्यावर स्वाक्षरी केली. इथल्या छांदिष्टांमध्ये आनंदाचे वातावरण आहे आणि मलाही आनंद झाला; परंतु बातम्यांमध्ये 'आता पन्नासही राज्यांत मुभा' या मथळ्यापलीकडे फारसे काही सापडत नाही, आणि मला मथळ्यावर विसंबून वीस लिटर वर्ट (आंबवण्याआधीचे माल्टचे गोड पाणी) उकळायला ठेवायचा नाही. गेल्या सप्टेंबरात बर्मिंगहॅममधील एका दुकानावर मद्य नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यांनी छापा घालून घरी बिअर करण्याचे साहित्य जप्त केले होते, हे येथील अनेकांना ठाऊक असेल. त्यामुळे माझ्या शंका सविस्तर मांडतो.

पहिली शंका प्रमाणाची आहे. केंद्राच्या कायद्यातील वार्षिक १०० आणि २०० गॅलनची मर्यादा मला माहीत आहे, पण अलाबामाची मर्यादा तीच आहे की वेगळी? दुसरी शंका जागेची. माझा सध्याचा फ्लॅट मॅडिसन काउंटीत (जिल्ह्यात) आहे, परंतु ऑगस्टमध्ये आम्ही शहराच्या पश्चिमेला भाड्याच्या घरात जाण्याचा विचार करत आहोत, आणि काही काउंट्यांना हा कायदा लागू नाही असे ऐकले आहे. तिसरी शंका अशी की, गणेशोत्सवानंतर आमच्या मंडळाचे एक स्नेहभोजन असते. तेथे चार बाटल्या नेल्या तर चालेल का? शेवटची शंका थोडी संकोचाने विचारतो: मी एच-१बी व्हिसावर आहे, तर या छंदामुळे त्याला काही बाधा येऊ शकते का?

याशिवाय एक गोष्ट सतत मनात येते. ज्या सात सिनेटरांनी विरोधात मत दिले, त्यांची संख्या पुढील निवडणुकीनंतर वाढली, तर ही मुभा परत काढून घेतली जाईल का? सामान पुन्हा खोक्यात बांधण्याची वेळ येणार असेल, तर नवा खर्च करण्यापूर्वी विचार करावा लागेल.

जुनाजाणता

मी बर्मिंगहॅममध्ये बरीच वर्षे राहतो आणि हे विधेयक पहिल्यांदा मांडले गेले तेव्हापासून त्याचा प्रवास पाहत आलो आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

अमेरिकेत दारूबंदी १९३३ साली उठली, पण एकविसाव्या घटनादुरुस्तीने मद्याचा विषय मुख्यतः राज्यांकडे सोपवला. घरी वाइन करण्यास तेव्हापासून सवलत होती; बिअरला मात्र ती नव्हती. १९७८ साली कॅलिफोर्नियाचे सिनेटर ॲलन क्रॅन्स्टन यांनी दुरुस्ती सुचवली, राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १४ ऑक्टोबर रोजी त्या कायद्यावर सही केली, आणि १ फेब्रुवारी १९७९ पासून स्वतःच्या व कुटुंबाच्या वापरासाठी केलेली बिअर केंद्रीय करातून मुक्त झाली. आपण म्हणता ती मर्यादा याच कायद्यातील आहे: घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक असतील तर २००. (कार्टर यांनी छोट्या ब्रुअऱ्या कायदेशीर केल्या असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते, ते खरे नाही. त्यांनी सही केली ती घरगुती बिअरच्या सवलतीवर. पुढे अनेक छोट्या ब्रुअऱ्या याच छांदिष्टांनी काढल्या, ही गोष्ट वेगळी.) हा कायदा केवळ केंद्राचा अडसर दूर करतो, राज्याची मनाई असेल तर तो आपल्याला वाचवू शकत नाही. म्हणूनच यूटाला २००९ पर्यंत आणि ओक्लाहोमाला २०१० पर्यंत स्वतंत्र कायद्यासाठी थांबावे लागले, आणि आपल्याला २०१३ पर्यंत.

आता प्रमाणाविषयी. अलाबामाची मर्यादा केंद्रापेक्षा बरीच कडक आहे: एका घरात तीन महिन्यांत १५ गॅलन, म्हणजे सुमारे ५७ लिटर. ही मर्यादा माणशी नाही, घरटी आहे, आणि ती बिअर, मीड, सायडर (सफरचंदाचा रस आंबवून केलेले पेय) व टेबल वाइन या सर्वांची मिळून आहे. आपण आणि आपल्या पत्नी दोघेही एकवीस वर्षांवरील असलात, तरी ती दुप्पट होत नाही. तिमाही म्हणजे कॅलेंडरची तिमाही. आज केलेले उत्पादन एप्रिल ते जून या हिशेबात धरले जाईल. विक्रीला पूर्ण मनाई आहे.

विरोधी मतांविषयी आपण जी भीती व्यक्त केली आहे, ती मला तितकीशी वाटत नाही. मुभा काढून घेण्यासाठी नवे विधेयक दोन्ही सभागृहांतून पार करावे लागेल, आणि आजवरचा कल नेमका उलट दिशेचा आहे. २००९ साली याच विधिमंडळाने बिअरमधील अल्कोहोलची मर्यादा वाढवून १३.९ टक्के केली; तेव्हाही जवळपास हीच भाषणे झाली होती आणि आकाश काही कोसळले नाही. माझ्या मते, ज्या अटी आपल्याला जाचक वाटतात, म्हणजे १५ गॅलनचा आकडा आणि दारूबंदीच्या काउंट्या वगळणे, त्याच अटींमुळे कुंपणावर बसलेल्या आमदारांना बाजूने मत देणे सोपे गेले. आपल्या मतदारांना ते सांगू शकतात की आमच्या गावात काहीच बदललेले नाही. छंद म्हणून आपण हे करतो, पण सभागृहात ती घासाघीस होती, आणि मिळाले ते त्या घासाघिशीत मिळाले.

मधमाशी

वरील प्रतिसादात एक मुद्दा राहिला आहे आणि मीड करणाऱ्यांच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. मर्यादा केवळ तिमाहीत किती तयार करावे याची नाही. कोणत्याही वेळी घरात असे घरगुती मद्य एकूण १५ गॅलनपेक्षा अधिक असता कामा नये, अशीही अट आहे.

बिअर करणाऱ्याला ही अट सहसा जाणवत नाही. आपली नेहमीची बॅच पाच गॅलनची, म्हणजे एकोणीस लिटरची असते. तिमाहीत तीन बॅचेस होतात, आणि पुढच्या तिमाहीपर्यंत बिअर संपलेली असते. मीडचे तसे नाही. चांगली मीड मुरायला वर्षभर ठेवावी लागते. पाच गॅलनचा एक कार्बॉय कपाटात वर्षभर मुरत ठेवला, तर त्या संपूर्ण वर्षात आपल्या पंधरापैकी पाच गॅलन अडकलेले असतात. दोन ठेवले तर बिअरसाठी केवळ एका बॅचची जागा उरते. तिमाही बदलली की उत्पादनाचा हिशेब नव्याने सुरू होतो, साठ्याचा होत नाही. कोलोरॅडोच्या सवयीने एकदम तीन कार्बॉय मीड लावली, तर वर्षभर बिअर विसरावी लागेल. मी स्वतः मीड एकेक गॅलनच्या बरण्यांत करणे पसंत करते; चव बिघडली तरी नुकसान कमी, आणि हिशेबही हाताशी राहतो.

प्रत्येक बॅचची तारीख, प्रमाण आणि बाटलीत भरल्याचा दिवस वहीत लिहून ठेवावा. पाककृतीसाठी आपण ते एरवीही लिहितोच.

टेनेसीकाठ

दोघांचेही मनापासून आभार. साठ्याची अट मला अजिबात माहीत नव्हती, आणि मी खरोखरच तीन कार्बॉयचाच बेत करत होतो.

जोडून आणखी एक विचारतो. आमच्या मंडळातील एक गोव्याचे स्नेही, 'आता मुभा मिळालीच आहे, तर लहानशी भट्टी आणून फेणीसारखे काहीतरी गाळू या' असे सुचवत आहेत. विनोदाने म्हणत असावेत, पण खात्री वाटत नाही. शिवाय मिसिसिपीतील एक मित्र म्हणतो की त्यांच्या राज्याने आपल्या आधी कायदा केला; मग सगळीकडे अलाबामाला शेवटचे राज्य का म्हणतात?

जुनाजाणता

भट्टीचा विचार आजच सोडून द्यावा आणि आपल्या स्नेह्यांनाही स्पष्ट शब्दांत सांगावे. आंबवणे आणि गाळणे यांत अमेरिकेच्या कायद्याने पक्की भिंत घातली आहे. १९७८ ची सवलत बिअरपुरती आहे. घरी, परवान्याशिवाय, पिण्यासाठी मद्य गाळणे हा केंद्रीय गुन्हा असून त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. स्वतःसाठीच केले, विकले नाही, हा बचाव तेथे चालत नाही. राज्याचा नवा कायदाही बिअर, मीड, सायडर आणि टेबल वाइन एवढ्यांचीच नावे घेतो.

व्हिसाचा प्रश्न येथेच जोडून घेतो. कायद्याने जे करण्यास मुभा दिली आहे ते केल्याने व्हिसाला बाधा येण्याचे मला काही कारण दिसत नाही. मर्यादा ओलांडली किंवा भट्टी लावली, तर मात्र प्रश्न दंडापुरता राहत नाही. व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात 'आपल्याला कधी अटक झाली आहे का' असा थेट प्रश्न असतो, आणि त्यात केवळ दोषसिद्धी नव्हे, तर अटकही विचारलेली असते. आपल्यासारख्यांनी शेजाऱ्यापेक्षा दोन पावले मागे राहावे ते याचसाठी.

नदीपलीकडे

मिसिसिपीतून लिहितो आहे. आपल्या मित्राचेही खरे आहे आणि बातम्यांचेही. आमच्याकडे गव्हर्नर फिल ब्रायंट यांनी मार्चमध्येच सही केली, परंतु कायदा लागू होणार १ जुलैपासून. अलाबामाची सही नंतर झाली, पण अंमल लगेच सुरू झाला. म्हणजे सह्यांच्या क्रमाने अलाबामा शेवटचे, आणि प्रत्यक्ष बिअर करण्याच्या क्रमाने आम्ही. सध्या आम्ही तारखेकडे डोळे लावून बसलो आहोत आणि आपण लोक हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुले) विकत घेत आहात, तेव्हा शेवटचे राज्य असण्याचा मान आपण खुशाल आमच्याकडे पाठवावा. प्रमाणाच्या बाबतीत मात्र आमचे विधिमंडळ उदार निघाले. आम्हाला केंद्राचीच १०० आणि २०० गॅलनची मर्यादा मिळाली.

सदाशिवपेठी

थोडे अवांतर होईल, पण पुण्यात परतल्यावर हे सामान वापरता येईल अशी कोणाची समजूत होऊ नये म्हणून लिहितो. भारतात मद्य हा राज्यांच्या सूचीतील विषय आहे आणि महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा त्याखाली गुन्हा आहे, आणि छंद म्हणून घरी थोडी बिअर करणाऱ्यासाठी अमेरिकेसारखी गॅलनची सवलत त्यात नाही. दारूबंदीच्या काउंट्यांचे मात्र आपल्याला नवल वाटू नये. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत बंदी आहे आणि लगतच्या नागपुरात नाही. हद्द ओलांडली की कायदा बदलतो, हे विदर्भातील माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मधमाशी

मंडळाच्या स्नेहभोजनाचा प्रश्न अनुत्तरित राहिला आहे. स्पर्धा, प्रदर्शन, चव घेण्याचे आयोजित कार्यक्रम अशा कारणांसाठी घराबाहेर नेण्याची तरतूद कायद्यात आहे. परंतु आपल्या स्नेहभोजनाला बहुधा तिकीट असते, आणि तिकिटाच्या पैशांत जेवणासोबत बिअरही आली, तर ती विक्रीच आहे असा अर्थ कोणीही सहज काढू शकेल. भाड्याच्या सभागृहाचे स्वतःचे नियम असतात ते वेगळेच. शिवाय गणपतीच्या निमित्ताने होणाऱ्या कार्यक्रमात बाटल्या आणाव्यात का, यावर मंडळात जो वाद होईल, त्याचे उत्तर कोणत्याही कायद्यात सापडणार नाही. माझा सल्ला असा की, ज्यांना चव पाहायची आहे त्यांना एखाद्या शनिवारी घरी बोलवावे आणि कोणाकडूनही एक पैसा घेऊ नये, सामानाच्या खर्चाची वर्गणीसुद्धा नाही.

जुनाजाणता

नव्या घराविषयी शेवटचे. पश्चिमेकडे जाणार आहात, म्हणून सावध करतो. मॅडिसन काउंटीत मद्याला परवानगी आहे. लगतच्या लाइमस्टोन काउंटीत दारूबंदी आहे. तेथील अथेन्स शहराने मात्र मतदान घेऊन ती आपल्यापुरती उठवली. अडचण अशी की, हंट्सव्हिल आणि मॅडिसन या दोन्ही शहरांच्या हद्दी पसरत पसरत लाइमस्टोन काउंटीत शिरल्या आहेत. त्यामुळे पत्त्यावर 'मॅडिसन' लिहिलेले असूनही घर लाइमस्टोन काउंटीत असू शकते. टपालाच्या पत्त्यावर किंवा घरमालकाच्या सांगण्यावर विसंबू नये. मालमत्ता कर कोणत्या काउंटीत भरला जातो ते पाहावे. ती नोंद काउंटीच्या संकेतस्थळावर घराच्या क्रमांकावरून मिळते. घर लाइमस्टोनमध्ये निघाले, तर शहराच्या हद्दीत असल्याने आपल्याला मुभा आहे का, हे मद्य नियंत्रण मंडळाला लेखी विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे.

भाडेकराराची भाषाही वाचावी. राज्याने मुभा दिली तरी घरमालक करारात मनाई करू शकतो, आणि गॅसच्या मोठ्या शेगडीवर अंगणात वर्ट उकळण्यास अनेकांची हरकत असते.

टेनेसीकाठ

आपण सांगितल्यावर आत्ताच तपासले. आम्हाला आवडलेल्या दोन घरांपैकी एकाचा कर लाइमस्टोन काउंटीत भरला जातो, आणि पत्ता मात्र मॅडिसनचा आहे. मद्य नियंत्रण मंडळाला आजच पत्र लिहितो आणि उत्तर आले की याच धाग्यावर कळवतो, कारण या भागात घर शोधणारे इतरही मराठी लोक आहेत. तोपर्यंत सध्याच्या फ्लॅटमध्ये जूनअखेरीस संपेल अशी पाच गॅलन पेल एल (फिकट रंगाची बिअर) आणि एक गॅलन मीड, एवढ्यावरच थांबतो. मीडसाठी इथला रानफुलांचा मध घ्यावा की संत्र्याच्या फुलांचा, याविषयी मधमाशी यांचे मत वाचायला आवडेल.