मदत हवी आहे: ओम्नीच्या पातळ पत्र्यासाठी रॉडचे वेल्डिंग मशीन पुरेल का?

खानापूर भागातील पावसाने आमच्या जुन्या ओम्नीच्या चालकाच्या पायाखालचा पत्रा इतका गंजला आहे की चटई उचलली की खालचा रस्ता दिसतो. तेवढे ठिगळ स्वतः लावता यावे म्हणून मी वेल्डिंग शिकत आहे. माझ्याकडे सिंगल फेजवर चालणारे २०० अँपिअरचे इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन आहे. ५ मि.मी.च्या अँगलवर ६०१३ जातीच्या (सर्वसाधारण कामाच्या) २.५ मि.मी. रॉडने वेल्डिंगची शिवण आता बरी येते, तिच्यावरची खपलीही एका ठोक्यात सुटते; मात्र ०.८ मि.मी.च्या पत्र्यावर करंट उतरवला की रॉड चिकटतो आणि वाढवला की भोक पडते. २ मि.मी.चा रॉड, होल्डर ऋण टोकाला जोडणे, सलग शिवणीऐवजी थांबून थांबून टाके घेणे आणि पाठीमागे तांब्याची पट्टी धरणे हे सर्व करून पाहिले. भोके कमी झाली, थांबली नाहीत.

सराव भंगारातील पत्र्यावरच चालू आहे. ठिगळासाठी जस्ताचा मुलामा नसलेला पत्रा घेतला आहे. गाडीवर काम करण्यापूर्वी बॅटरी सोडवून पेट्रोलची टाकी उतरवणार आहे आणि चेसिसचे सांधे मी करणारच नाही, ते गॅरेजवाल्याकडेच जातील.

अडचण अशी की संध्याकाळी गावात व्होल्टेज पडते आणि मिग मशीनला (रॉडऐवजी तार आपोआप पुढे सरकवणाऱ्या वेल्डिंग मशीनला) एरवी लागणाऱ्या गॅसच्या सिलिंडरसाठी बेळगावला खेटे घालणे परवडणारे नाही. अशा स्थितीत बिनगॅसचे, फ्लक्स (वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवणारी भुकटी) भरलेल्या ०.८ मि.मी. तारेचे मिग मशीन या पत्र्यावर भोके न पाडता चालेल का, की १.६ मि.मी.चा रॉड मिळवून आहे त्याच मशीनवर हात बसवावा?