आडबाजूच्या पुळणी: गोव्यात पायी गाठलेले किनारे आणि तुमचे अनुभव

तांबडी माती (धागाकर्ती)

गोव्यात समुद्र बघायला चालावं लागतं हे कुणाला खरं वाटत नाही. गाडी लावली, चपला हातात घेतल्या, झालं. सासष्टीत ते खरंच आहे, तिथं वाळू मैलोन्‌मैल सलग पसरलेली आहे. दक्षिण टोकाच्या काणकोणात मात्र सह्याद्रीचे फाटे थेट पाण्यापर्यंत येतात आणि दोन डोंगरांच्या मधे जेवढी जागा उरेल तेवढीच पुळण. उत्तरेला पेडण्याच्या वरच्या टोकालाही थोडंफार तसंच. अशा पुळणींना गाडीरस्ता नसतो किंवा असला तरी शेवटचा उतार पायीच करावा लागतो.

या धाग्यावर चालत गाठलेल्या किनाऱ्यांचेच अनुभव लिहा. होडीने गेलेल्यांनी रागावू नये, त्यांच्यासाठी वेगळा धागा काढू. शॅकचे दर नकोत, मावळतीचे फोटोही नकोत (तुमच्याकडे आहेत हे माहीत आहे). वाट कशी, उतार कसा, ओहोटी कधीची धरली, परतीला काय झालं, ते सांगा.

सुरुवात मीच करते. पाळोळ्याच्या उत्तर टोकाला, ओहोळ समुद्राला मिळतो तिथं, समोर एक झाडीचं छोटं बेट दिसतं. कुणी त्याला काणकोण बेट म्हणतं, कुणी ग्रीन आयलंड, होडीवाले मंकी आयलंड. ओहोटीला मधला पट्टा उघडा पडतो आणि घोट्या-गुडघ्यापर्यंतच्या पाण्यातून पलीकडे जाता येतं. भाचरांना घेऊन गेले होते. पलीकडे खडकच खडक, शेवाळलेले, कालवांच्या धारेचे. अनवाणी कुणी जाऊ नये, पट्ट्याच्या रबरी चपला हव्यात. बेटावर चढून गेलं की मागच्या बाजूला पाळोळ्याचा आवाजच येत नाही, नुसतं उघडं पाणी. भाचा म्हणाला, इथंच राहू या. पाणी चढायला लागल्यावर त्याने मत बदललं.

रापणीचा दोर

आमचं घर काणकोणात, तीन पिढ्या रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढण्यात गेल्या. भरतीचा हिशेब इथं एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्यांना उपयोगी पडेल.

तिथीला पाऊणने गुणा. येईल तितक्या वाजता भरती पूर्ण. पंचमी असेल तर पाच पाऊण पावणेचार, म्हणजे पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या सुमाराला भरती, आणि मधे दहाच्या आसपास ओहोटी. हा मुंबई-कोकणातला ठोकताळा. भरती दक्षिणेकडून वर सरकते, त्यामुळे आमच्याकडे ती अर्धा-पाऊण तास आधीच येते, तेवढं वजा करायचं. रोज सुमारे पन्नास मिनिटं वेळ पुढे जाते.

दुसरं, नुसती वेळ बघून भागत नाही. अमावास्या-पुनवेला उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीला भांग, म्हणजे चढ-उतार कमी, तेव्हा ओहोटी दुपारी बारा वाजता सोयीची येते खरी, पण पाणी म्हणावं तसं मागे सरत नाही. बेटाचा पट्टा त्या दिवशी मांडीपर्यंत बुडालेला असू शकतो. पुनवेची ओहोटी खोल असते, पण ती पडते संध्याकाळी पाचच्या आगेमागे आणि परत निघेपर्यंत काळोख. मुंबईच्या मानाने गोव्यात चढ-उतार बराच कमी, उधाणालासुद्धा दोन मीटरच्या आसपास. पण खडकाच्या कडेने चालणाऱ्याला अर्धा मीटरही पुरतो.

करवंदाची जाळी

बटरफ्लाय बीच. होडीवाले पाळोळ्याहून आणि आगोंदहून नेतात, पण आम्ही पणजीचे चौघेजण रानातून गेलो. सविस्तर लिहिते, कारण या वाटेबद्दल जे वाचायला मिळतं त्यात 'सोपा ट्रेक' असंच लिहिलेलं असतं.

पाळोळ्याहून आगोंदकडे जाताना डावीकडे तांबड्या मातीची वाट फुटते. सुरुवातीला दुचाकी जाईल इतकी रुंद, पण जांभा दगड उखडलेला आणि उतारावर बारीक खडी. आमच्यातल्या एकाने स्कूटर पुढे दामटली आणि पहिल्याच वळणावर उतरून ती ढकलत परत वर आणली. तिथून पुढे पायीच. मार्चचा महिना, काजूच्या बोंडूंचा वास सगळ्या रानात. एक आजी कोयत्याने गवत बाजूला करत बिया गोळा करत होत्या. आम्हाला बघून म्हणाल्या, "खंय वता गो तुमी?" सांगितलं. त्यांनी डोळे वर करून उन्हाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "दर्यो भरता तेन्ना खडपांनी वचूं नाकात." आणि परत कामाला लागल्या. एवढं नेमकं मार्गदर्शन कुठल्याच ॲपने केलं नव्हतं.

वाटेला दोन-तीन ठिकाणी फाटे आहेत. काही काजूच्या बागेत जाऊन संपतात, एक फाटा दुसऱ्या कड्यावर नेतो जिथून खाली उतरताच येत नाही. कुणी दगडांवर चुन्याचे बाण काढले आहेत, कुणी झाडाला फडकी बांधली आहेत, पण दोन्ही प्रत्येक वेळी एकाच दिशेला नेतात असं नाही. काजूच्या फांदीला डोकं लागलं की ओंबील (चावऱ्या तांबड्या मुंग्या) अंगावर पडतात, त्यामुळे टोपी घालाच. रान संपता संपता खुळखुळ्याच्या झुडपांवर निळ्या ठिपक्यांची फुलपाखरं झुंबडीने बसलेली दिसली. ब्लू टायगर ती. या झाडाचा रस त्यांच्या नरांना लागतो म्हणे, म्हणून एवढी गर्दी. नावाचं सार्थक झालं.

शेवटचा उतार मात्र सरळ खाली. मातीतून वर आलेली मुळं हाच जिना. मी निम्मा उतार बसून केला आणि त्याची मला काडीचीही लाज वाटली नाही. खाली अर्धगोल पुळण, दोन्ही बाजूंना खडप, मागे झाडी. सकाळचा वेळ होता, डॉल्फिन दाखवून आलेल्या होड्या एकामागून एक लागत होत्या. माणसं उतरायची, फोटो काढायची, होडीवाल्याने शीळ घातली की परत चढायची. आम्ही घामाने निथळत तिथं उभे आणि समोर सुगंधी मंडळी कोरड्या कपड्यांत. थोडा अपमान वाटलाच.

पण ऊन चढल्यावर होड्या थांबल्या. पुळण पूर्ण आमची. वर समुद्रगरुड घिरट्या घालत होता, पांढरं पोट अगदी स्पष्ट. पाण्यात कमरेपर्यंतच गेलो, कारण जीवरक्षक तिथं नसतात आणि मोबाइलला रेंज नव्हती.

दुपारनंतर भरती चढली तशी पुळण दोन्ही टोकांकडून आवळत गेली. आजींचं म्हणणं तेव्हा कळलं. कडेच्या खडपांवरून शेजारच्या छोट्या पुळणीत जाण्याचा मोह होतो, वाट सोपी दिसते, आणि तासाभरात ती पाण्याखाली असते. आम्ही होतो तिथंच बसलो आणि उन्हं कलल्यावर आल्या वाटेने वर चढलो. दर माणशी तीन लिटर पाणी नेलं होतं, ते वर पोचेपर्यंत संपलं. मधे कुठंही झरा नाही, टपरी नाही.

गुडघेदुखी ६०+

वरचा उतार वाचूनच गुडघा बोलायला लागला. माझा अनुभव काकोळ्याचा, काब द रामजवळच्या. आधी किल्ला पाहिला. सौंद्याच्या राजाकडून पोर्तुगीजांनी तो 1763 साली घेतला, आणि 1955 पर्यंत तिथं तुरुंग होता. आत सेंट अँथनीचं चर्च आहे, तटावर मगरीसारख्या पसरलेल्या तोफा. राम-सीता वनवासात इथं राहिले अशी कथा सांगतात.

काकोळ्याला वरून पायवाट उतरते. पायऱ्या म्हणाव्या तर आहेत, म्हणू नयेत तर नाहीत. काठी नेली होती, ती पहिल्या दहा मिनिटांत उपयोगी पडली. पावसाळ्यानंतर काही महिने कड्यावरून गोड्या पाण्याचा ओहोळ पुळणीवर येतो, त्यात पाय बुडवून बसलो. मुलगा पोहायला जाऊ म्हणत होता. इथली पुळण अंगावर येणारी आहे, पाणी लगेच खोल होतं आणि लाट परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते. नको म्हटलं. चढताना मुलगा माझ्यापेक्षा जास्त धापा टाकत होता, हे त्याच्या बायकोने सगळ्यांना सांगितलं आहे.

पेडण्याचा सडा

सगळे काणकोणालाच का पळतात? हरमल ते केरी चालून बघा.

हरमलच्या उत्तर टोकाला दुकानांच्या रांगेमधून पायऱ्या जातात, ती गर्दी सोसावीच लागते. मग कालाचाची पुळण आणि तिच्या मागे गोड्या पाण्याचं तळं. एका बाजूला खारं पाणी, पन्नास पावलांवर गोडं. तळ्याच्या मागे ओढ्याने आत गेलं की मोठा वड लागतो. तिथं वर्षानुवर्षं परदेशी मंडळी मठ मांडून बसलेली असत. आमचे आजोबा गुरं घेऊन जायचे तेव्हा तो नुसता वड होता.

बहुतेक लोक इथून मागे फिरतात. तुम्ही वर सड्यावर चढा. जांभ्याचं उघडं पठार, पावसाळ्यानंतर गवताने पिवळं, वारा असा की टोपी धरून चालावं लागतं. हंगामात पॅराग्लायडिंगवाले इथूनच उड्या घेतात. सड्यावर फुरसं असतं, दगडाच्या रंगाचंच, त्यामुळे कुठं बसायचं आणि हात कुठं टेकायचा ते बघूनच. दुसऱ्या अंगाने उतरलं की केरीची पुळण, सुरूची झाडं, आणि समोर तेरेखोलचा किल्ला. सावंतवाडीच्या भोसल्यांचा हा किल्ला पोर्तुगीजांनी 1746 मध्ये घेतला. फेरीबोटीने नदी ओलांडली की तिथंही जाता येतं. केरीच्या किनाऱ्याची धूप झाली आहे, सुरूची कित्येक झाडं मुळं उघडी पडून आडवी झाली. लहानपणी जिथं विटीदांडू खेळलो तिथं आता पाणी आहे.

नाव_कशाला

धागा चांगला आहे, पण माझी विनंती अशी की वाटांचे नेमके नकाशे इथं टाकू नका. एका पुळणीबद्दल (सांगणार नाही) कुणीतरी व्हिडिओ टाकला आणि पुढच्याच हंगामात तिथं बाटल्या, चिप्सची पाकिटं, खडकावर बदामात कोरलेली नावं.

रापणीचा दोर

@नाव_कशाला, कचऱ्याबद्दल शंभर टक्के मान्य. पण लपवून ठेवा म्हणणारे बहुधा स्वतः तिथं जाऊन आलेले असतात. गावातल्या माणसाला विचारून जाणारा पाहुणा आम्हाला चालतो. ज्याला विचारायची गरज वाटत नाही तोच कचरा करतो आणि तोच बुडतो. नकाशे मात्र मीही टाकणार नाही, वाट विचारायला निदान घराशी थांबाल तरी.

फळा_खडू

शिक्षिका आहे, मुलांना घेऊन तळपण ते गालजीबाग गेले होते. तळपण नदीच्या मुखापासून पुळणीने दक्षिणेला चालायचं, मधली टेकडी ओलांडली की गालजीबाग. चाल फार नाही, पण मुलांना 'डोंगर पार केला' असं सांगता येतं.

ऑलिव्ह रिडले कासवं इथं अंडी घालायला येतात, साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये. गोव्यात यासाठी राखलेल्या किनाऱ्यांत मोरजी, मांद्रे, आगोंद आणि हे गालजीबाग. एका खेपेला शंभराच्या आसपास अंडी, पिल्लं दीड-दोन महिन्यांनी बाहेर येतात. आम्हाला कासव दिसलं नाही, ती रात्री येतात. दिसलं ते वन खात्याने जाळी लावून राखलेलं घरटं आणि त्यावरची तारखेची पाटी. मुलांनी तारखेवरून पिल्लांचा 'वाढदिवस' काढला आणि भांडणं झाली. रखवालदारांनी सांगितलं की पिल्लं उजेडाकडे धावतात, म्हणून किनाऱ्यावर शेकोटी, टॉर्च, फ्लॅश काहीही नको. कॅम्पिंगचे बेत करणाऱ्यांनी हे वाचावं.

एकटीच

बाईमाणसाने एकटीने जावं का, असं कुणीतरी विचारेलच, म्हणून आधीच लिहिते. खोल्याच्या पुळणीला गेले, जिथं गोड्या पाण्याचं तळं वाळूच्या बांधाने समुद्रापासून अडलेलं आहे. काणकोण स्टेशनला उतरून पायलट केला (बाहेरच्यांसाठी: गोव्यात मोटरसायकल टॅक्सी चालवणाऱ्याला पायलट म्हणतात), त्याला परतीची वेळ सांगून ठेवली. मी ठरल्या वेळी वर आले नसते तर तो खाली उतरला असता, हे त्याने स्वतःहून सांगितलं. रानात भीती वाटली ती फक्त माकडांची, पोई (गोव्याचा पाव) आणि केळी पिशवीत होती.

कोकमसार

धागा वाचून बसल्या जागी दमलो. पण खऱ्या बेटावर चालत फिरलेलं कुणी नाही का? अंजदीव?

पेडण्याचा सडा

अंजदीव कारवारसमोर, तरी गोव्याचं. वास्को द गामा 1498 मध्ये तिथं थांबला होता, आणि 1961 च्या मुक्तीवेळी आपल्या नौसैनिकांनी तिथं प्राण दिले. आता नौदलाच्या ताब्यात, तुम्हा-आम्हाला बंद. पाळोळ्याच्या बेटावरच समाधान माना.

कोकमसार

मग तेच. दोन मुलं, आई सत्तरीची. सकाळी जाऊन जेवायला परत यायचं आहे. कुठली तिथी धरू?

रापणीचा दोर

पंचमी किंवा षष्ठी, डिसेंबर-जानेवारीत. ओहोटी साडेनऊ-दहाच्या सुमारास. तासभर आधी पाळोळ्याच्या उत्तर टोकाला उभे राहा, पाणी अजून उतरत असताना ओलांडा आणि ते परत फिरण्याआधी अलीकडे या. छापील भरती-पत्रकातही वेळ ताडून बघा, माझ्या पाऊणपटीत पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतात. आईंना पट्ट्यापर्यंत आणा, बेटावर चढवू नका, खडक शेवाळलेले आहेत. जूनपासून पाऊस संपेपर्यंत मात्र विचारसुद्धा नको, त्या दिवसांत आम्हीदेखील होडी पाण्यात घालत नाही.